म्हापशाची मिलाग्रीस सायबीण शिरगावच्या लईराईची बहीण कशी? थोडी पार्श्वभूमी

वैशाख शुद्ध पंचमीला गोव्यातल्या शिरगावात लईराई देवीची जत्रा असते, धोंड, म्हणजे तिचं व्रत करणारे भक्त, निखाऱ्यांवरून चालतात, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत. त्याच दिवसांच्या आसपास, ईस्टरनंतरच्या एका सोमवारी, म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं फेस्त (चर्चचा सण) असतं आणि तिथे तेल वाहायला हिंदूसुद्धा रांगेत असतात, कारण गोव्यात दोन्ही धर्मांचे लोक सांगतात की ह्या दोघी बहिणी आहेत.

कथा अशी की सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा ह्या भागात आले. लईराई शिरगावला राहिली, महामाया मयेला, केळबाई मुळगावला, मोरजाई मोरजीला, आणि मिराबाई म्हापशाला गेली ती मिलाग्रीस झाली. गावागणिक यादीतली एकदोन नावं बदलतात. लईराईने खेतोबाला विस्तव आणायला पाठवलं, तो वाटेत खेळत बसला म्हणून तिने रागाने त्याला लाथ मारली, मग पस्तावली आणि प्रायश्चित्त म्हणून निखाऱ्यांवरून चालली, धोंड आजही चालतात ते त्यामुळेच.

आता इतिहास बघा. पोर्तुगीजांनी तिसवाडी, म्हणजे पणजीकडचा भाग, घेतली १५१० मध्ये, बार्देश (म्हापसा ह्यातच येतं) आणि दक्षिणेकडची सासष्टी कायमची त्यांच्या हातात गेली १५४३ मध्ये. बार्देशात फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आले, देवळं पाडली गेली, १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, म्हापशाचं चर्च १५९४ चं. पण शिरगाव, मये, मुळगाव हा डिचोली तालुक्याचा भाग, तो पोर्तुगीजांकडे गेला थेट अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि तोपर्यंत धर्मांतराचा जोर ओसरला होता म्हणून तिथली देवळं राहिली. म्हणजे जवळपास अडीचशे वर्षं म्हापसा एका राज्यात आणि शिरगाव दुसऱ्या, मधे हद्द, आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची नात्यागोत्याची माणसं. मला वाटतं बहिणींची कथा टिकली ती ह्याच माणसांमुळे.

सासष्टीतही असंच काहीसं आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला हलवली, १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पोर्तुगीजांविरुद्ध मोठा उठाव झाला, आणि तरी शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणात, देवीची छत्र्यांची मिरवणूक अजून जुन्या जागी येते, त्यात ख्रिश्चन गावकरही, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले लोकही, मानाने असतात.

ह्यावर दोन गोष्टी नेहमी ऐकायला मिळतात. एक म्हणजे देवीलाच मेरीचे कपडे घातले, दुसरी म्हणजे सगळे देव शेवटी एकच. मला दोन्ही पटत नाहीत, कारण शिरगावचा धोंड लईराई आणि मिलाग्रीस एकच आहेत असं म्हणत नाही, तो बहीण म्हणतो. बहीण म्हटलं की तिचं घर वेगळं, तिच्या घरच्या रीती वेगळ्या, पण सणाला देणंघेणं चुकवायचं नाही. म्हणूनच सायबिणीच्या फेस्ताला लईराईकडून तेल जायचं आणि म्हापशाहून तिच्या जत्रेला मोगऱ्याची फुलं यायची, अशी प्रथा दोन्ही गावचे जुने लोक सांगतात.