बेने इस्रायली परंपरांचे बालशिक्षण

कोकणातल्या आणि पुढे मुंबई, ठाणे, पुणे येथे स्थिरावलेल्या बेने इस्रायली ज्यू समाजात मुलांना धर्म व रीतिरिवाज शिकवण्याची पद्धत. समाजाची मातृभाषा मराठी असल्याने प्रार्थना हिब्रूत आणि तिचा अर्थ मराठीत, असे तिचे दुहेरी रूप आहे.

समाजाच्या आख्यायिकेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ बुडाले. उरले ते शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले. पोथी आणि पंतोजी दोन्ही नसताना पिढ्यान्‌पिढ्या घरानेच मुले घडवली, ही या परंपरेची खरी ताकद.

आजही मुलाचा पहिला धडा बहुधा मलिद्याच्या ताटापाशी होतो. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने नवस फेडताना किंवा मंगलकार्याआधी भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची यांचा मलिदा करतात आणि भोवती फळे मांडतात. प्रत्येक प्रकाराची बराखा, म्हणजे आशीर्वचन, वेगळी. खजुराला झाडाच्या फळाची बराखा, पण केळ्याला जमिनीच्या उपजाची. कारण केळ एकदाच विते आणि खोड मरते, ते खरे झाड नव्हे. परसात केळ असलेल्या पोराला हा धर्मनियम समजावून सांगावा लागत नाही. सुगंधाची बराखा म्हणताना सब्जाची पाने हुंगायची, हे तर लहानग्यांचे आवडते काम. मटणाच्या रश्शात नारळाचे दूध का, तर मांस आणि जनावराचे दूध एकत्र चालत नाही, हेही स्वयंपाकघरातच कळते.

सणांना मराठी नावे होती: वर्षारंभाचा नव्याचा सण, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे सुतक पाळण्याचा बिरड्याचा सण. त्या काळात मांस वर्ज्य, म्हणून मोड आलेल्या वालांचे बिरडे. शिकवताना केवळ हिब्रू नावे सांगणे मला अपुरे वाटते. बिरडे गेले की शोकाची चवही जाते.

एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू पठण शिकवले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायच्या हगादा या पोथीची मराठी भाषांतरासह पुण्यात छापलेली १८७४ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे: तिच्या चित्रात साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, मोशे यांच्या कथा सांगणारी कीर्तने सुरू झाली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्रायली शाळा निघाली. माझगावची सर एली कदुरी शाळा ती हीच.

कोचीनच्या ज्यूंमध्ये हेच काम मल्याळम गाण्यांनी केले. बायका ती वह्यांत उतरवून ठेवत.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तिथे जन्मलेल्या नातवंडांना मराठी फारशी येत नाही, तरी लग्नाआधी मेंदी लागते आणि मलिद्याचे ताट मांडले जाते.