नावाला पॅसेंजर

कोल्हापूरला लोकल नाही. रेल्वेच्या कागदावर हा उपनगरी भाग नाही आणि एक गाडी चुकली की दहा मिनिटांत दुसरी येईल, अशी सोयही नाही. तरी सकाळी मिरजेकडून येणारी पॅसेंजर शाहूपुरीच्या स्टेशनात लागली की उतरणारी माणसं बघावीत. खांद्याला सॅक, हातात जेवणाचा डबा, खिशात पास. ही माणसं प्रवासाला निघालेली नसतात, कामावर आलेली असतात. गाडीचं नाव पॅसेंजर असलं तरी वापर लोकलचाच. हे कसं झालं ते कळायला संस्थानी काळापर्यंत मागं जावं लागतं.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात रेल्वे नेण्याचं सरकारनं मनावर घेतलं. त्यासाठी सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. तिचा पुण्याहून कर्नाटकातल्या लोंढ्याकडं जाणारा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा, मार्ग मिरजेवरून गेला आणि कोल्हापूर ४७ किलोमीटर बाजूला पडलं. मग संस्थानानं स्वतःच्या पैशानं मिरजेपर्यंत रूळ टाकायचं ठरवलं. १८८८ च्या मे महिन्यात शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला, तेव्हा त्यांना चौदावं वर्षही पुरं झालं नव्हतं. राज्यकारभाराची सूत्रं हाती यायला अजून सहा वर्षं होती. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मार्ग संस्थानाच्या मालकीचा, गाड्या चालवायच्या मात्र कंपनीनं, असा तो व्यवहार होता. मार्गाची लांबी मैलात मोजायची तर जेमतेम एकोणतीस.

कोल्हापूर या फाट्याचं शेवटचं टोक. पुढं सह्याद्री, त्यापलीकडं कोकण. मुख्य मार्गावरच्या गावातून गाड्या जातात. कोल्हापुरात त्या संपतात आणि इथूनच निघतात. पुढं वैभववाडीमार्गे कोकण रेल्वेला जोडायचं स्वप्न फार जुनं आहे. सुमारे १०७ किलोमीटरचा तो मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, पण आजही स्टेशनाच्या पश्चिमेला रूळ जात नाहीत.

गाडी आली आणि बाजार तिच्या मागं आला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी आणि स्टेशनाला लागूनच. आजही कोल्हापूरहून निघालं की पहिला थांबा गुळ मार्केट. याच मार्गावर पुढं जयसिंगपूर वसलं, महाराजांचे जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं. सरळ रस्ते, चौकोनी आखणी, शेजारी रूळ: नकाशा बघितला तरी कळतं की हे गाव आपोआप वाढलेलं नाही.

याच मार्गावरच्या वळीवड्याची गोष्ट तर वेगळीच आहे. दुसऱ्या महायुद्धात इथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. ती गेली, आणि फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी कुटुंबं आली. त्याचं आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला पंचक्रोशीतली माणसं जिथं जातात ती कापडाची पेठ दोनदा निर्वासितांनी वसवलेल्या जागेवर उभी आहे, हे वळीवड्याला उतरणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असेल?

मीटरगेजच्या दिवसांत मुंबईला जाणाऱ्याला पुण्यात उतरून गाडी बदलावी लागे. मालाचीही तीच गत. डब्यातून डब्यात माल हलवायचा, म्हणजे हमाली आणि वेळ दोन्ही गेलं. १९७१ मध्ये रुंद रुळांचं ब्रॉडगेज कोल्हापूरपर्यंत आलं आणि मुंबईची गाडी थेट झाली. महालक्ष्मी, कोयना ही नावं कोल्हापूरकराच्या तोंडी बसली ती त्यानंतर. रुंदीकरणाचं कौतुक झालं ते या लांबच्या गाड्यांचं. रोजच्या माणसाच्या वाट्याला आला तो मात्र तसाच एकेरी मार्ग.

रोजच्या प्रवाशाचं सगळं गणित या एकेरी मार्गात अडकलेलं आहे. समोरून एक्सप्रेस येणार असली की पॅसेंजर रुकडीला किंवा हातकणंगल्याला बाजूला घ्यायची. "क्रॉसिंग हाय" एवढं कुणीतरी म्हणतं आणि डब्यात पुन्हा गप्पा सुरू होतात. मिरजेत सगळ्या दिशांच्या गाड्या एकमेकींची वाट बघतात, त्यामुळं तिकडं झालेला उशीर इकडं पोचतोच. हातकणंगल्याला उतरणाऱ्यांतले बरेच जण इचलकरंजीचे. कापडधंद्यामुळं महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणवणाऱ्या त्या शहराला स्वतःचं स्टेशन नाही, म्हणून पुढं एसटी किंवा वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खाजगी गाडी.

परवडतं म्हणून लोक हे सगळं सोसतात. मासिक पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो, मिरज त्यात सहज बसतं, आणि रोजच्या एसटीच्या भाड्याशी तुलना केली तर पासवाला हसतो. म्हणूनच करोनानंतरचा काळ जिव्हारी लागला. पॅसेंजर गाड्या सुरुवातीला बंद होत्या; नंतर 'स्पेशल' म्हणून परत आल्या, त्या एक्सप्रेसच्या भाड्यानं. किमान तिकीट दहाचं तीस झालं. गाडी तीच, डबे तेच, थांबेही तेच. रुकडीहून कोल्हापूरला येणाऱ्यानं हे का द्यायचं, याचं उत्तर स्टेशनावर कुणाकडं नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीत भाडं पुन्हा दहावर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याची वंदे भारतही सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. फोटो तिचेच जास्त निघाले. पण कोल्हापूर सोडल्यावर ती थेट मिरजेला थांबते; मधल्या गावांना तिचा वाराच तेवढा लागतो.

आणि पावसाळा. रूळ पंचगंगा ओलांडतात ते रुकडीजवळ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी चढलं तसा मिरज–कोल्हापूर मार्ग बंद ठेवावा लागला. शहरातही रुळांखालचा परीख पूल मोठ्या पावसात तुंबतो आणि शाहूपुरीतून राजारामपुरीत जायला वळसा पडतो. मुरलेला पासवाला जुलै लागला की आधी पंचगंगेची पातळी बघतो, मग गाडीची वेळ. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं, हे त्याला फलाटावरच्या पाटीआधी ठाऊक असतं.