स्नायू सैल सोडायलाही ताकद लागते!

पायात गोळा आला की कोणीतरी लगेच सांगतं, "कॅल्शियम कमी पडतंय, गोळ्या सुरू कर." खरं तर अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम बहुतेकदा ठीकठाकच असतं. आणि हातापायाचा स्नायू आखडताना रक्तातलं कॅल्शियम वापरतच नाही, त्याचा साठा पेशीच्या आतच असतो, एका जाळीदार पिशवीत. तिचं नाव सार्कोप्लाझमिक रेटिक्युलम, आपण एसआर म्हणू.

मेंदूचा निरोप आला की पेशीच्या पडद्यावरून विजेची लाट पळते, पडद्याच्या खोल गेलेल्या नळ्यांमधून आत उतरते. तिथलं एक प्रथिन लाट ओळखून हलतं आणि त्याला खेटून असलेला एसआरचा दरवाजा, रायनोडीन रिसेप्टर, उघडतो. काही मिलिसेकंदात कॅल्शियम बाहेर ओतलं जातं, ट्रोपोनिन या स्नायूतल्या प्रथिनाला चिकटतं, स्नायू आखडतो. हृदयाचं वेगळं, तिथे आधी बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावं लागतं, मग दरवाजा उघडतो. म्हणूनच १८८३ मध्ये सिडनी रिंगर या इंग्लिश डॉक्टरला दिसलं की हृदय ठेवलेल्या द्रावणात कॅल्शियम नसेल तर बेडकाचं हृदय थांबतं.

पण मला खरं वेड लावलंय ते, स्नायू सैल पडावा म्हणून हे कॅल्शियम एसआरमध्ये परत भरण्याच्या कामाने. एसआरमध्ये कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा हजारो पटीने जास्त, म्हणजे सगळा चढ. तो चढवतो सर्का नावाचा पंप. पडद्यात रुतलेल्या त्याच्या खोबणीत कॅल्शियमचे दोन आयन येऊन बसतात, मग एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, आपला फॉस्फेट ३५१ नंबरच्या अमिनो आम्लावर, अॅस्पार्टेटवर, ठेवतो, की बाहेरचं तोंड बंद, अख्खं प्रथिन पिळवटतं, आतलं तोंड उघडतं आणि खोबणीची पकडच सुटते, मग आयन आत पडतात, फॉस्फेट निघतो, पंप पुन्हा पहिल्यासारखा. एका एटीपीत दोनच आयन! कॅल्शियम धरून बसलेल्या या पंपाची अणूंपर्यंतची रचना जपानच्या तोयोशिमांच्या गटाने २००० साली दाखवली, ते चित्र मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आत गेलेलं कॅल्शियम कॅल्सिक्वेस्ट्रिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं, त्यामुळे सुटं कॅल्शियम कमी राहतं आणि पंपाला चढही कमी लागतो.

मेल्यावर अंग ताठ होतं त्यावरून "जीव अडकलाय" वगैरे बोलतात, ते साफ चूक आहे. एटीपी संपतं, पंप थांबतात, कॅल्शियम झिरपत राहतं, आणि स्नायू आखडताना मायोसिन नावाच्या प्रथिनाने धरलेलं अॅक्टिन हे दुसरं प्रथिन सोडायलाही एटीपीच लागतं, ते नसतं म्हणून पकड तशीच राहते. पुढे एन्झाइम्स त्या प्रथिनांचे तुकडे पाडायला लागतात, तेव्हा अंग पुन्हा सैल पडतं.