शाळकरी बास्केटबॉलपटूंची पारख: पाच ताऱ्यांमागचा इतिहास

जून 2019 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिलं नाव पुकारलं गेलं झायन विल्यमसनचं आणि दुसरं जा मोरँटचं. दोघंही साउथ कॅरोलायनात वाढलेले, शाळेत असताना उन्हाळी स्पर्धांत काही काळ एकाच संघातून खेळलेले. झायनचे डंक, म्हणजे उंच उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबणं, तो शाळेत असतानाच देशभर मोबाइलवर फिरत होते. मोरँटचं नाव मात्र कुठल्याही मोठ्या क्रमवारीत नव्हतं. 2016 च्या उन्हाळ्यात मरे स्टेट या केंटकीतल्या लहानशा विद्यापीठाचे सहाय्यक प्रशिक्षक जेम्स केन एका शिबिरात दुसऱ्याच मुलाला पाहायला गेले होते. काहीतरी खायला घ्यावं म्हणून ते बाहेर पडले, तर बाजूच्या छोट्या हॉलमधून चेंडू आपटल्याचा आवाज आला. डोकावून पाहिलं, तिथे तीन विरुद्ध तीन असा खेळ चालला होता. त्या सहा जणांत मोरँट होता.

मुलं एकाच संघातली, आणि त्यांच्या पारखीत एवढी तफावत. तीही अशा देशात, जिथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पाहून त्यांचं भवितव्य सांगणं हा साठ वर्षांपासूनचा पूर्णवेळ धंदा आहे. हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर पारख करणारे कोण होते यापेक्षा ते कुणासाठी पारख करत होते, हे पाहावं लागतं. त्यांचं ऐकणारा माणूस बदलत गेला, तसं पाहायचं काय हेही बदलत गेलं.

अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलचा रस्ता विद्यापीठांतून जातो. आपल्याकडे क्रिकेटपटू जिल्हा, राज्य, रणजी असा वर चढतो. तिथे शाळेच्या संघातला मुलगा शिष्यवृत्तीवर विद्यापीठात जातो आणि तिथून एनबीएचे संघ दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडतात. त्यामुळे कोणता मुलगा कुठल्या विद्यापीठात जाणार याला फार किंमत असते, आणि ही ओढाताण जुनी आहे. 1954 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाचा शाळकरी विल्ट चेंबरलेन न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरांतल्या कुट्शर्स या हॉटेलात सामान उचलायच्या कामाला होता. तिथल्या हॉटेलांचे आपापसांत बास्केटबॉलचे सामने व्हायचे, आणि कुट्शर्सच्या संघाचे प्रशिक्षक होते बोस्टन सेल्टिक्स या एनबीए संघाचे रेड आउरबॅक. एनबीएमध्ये तेव्हा आपल्या परिसरातल्या विद्यापीठाचा खेळाडू आधी उचलायचा हक्क संघांना असे. म्हणून चेंबरलेनने बोस्टनच्या परिसरातल्या, न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या विद्यापीठात जावं, म्हणजे पुढे तो बोस्टनला मिळेल, अशी आउरबॅक यांची खटपट होती. तो कॅन्ससला गेला. फिलाडेल्फियाच्या संघाने मग तो आमच्या गावातल्या शाळेत शिकला म्हणून त्याच्यावर हक्क सांगितला आणि तो मान्यही झाला. सात फुटांच्या चेंबरलेनला ओळखायला पारख्याची गरज नव्हती. गरज होती ती बाकीच्या हजारो मुलांसाठी.

ती गरज ओळखली न्यूयॉर्कच्या हॉवर्ड गार्फिंकल यांनी. साठच्या दशकात त्यांनी शाळकरी खेळाडूंच्या मूल्यमापनाचं एक पत्रक सुरू केलं. वर्गणी भरणारे होते विद्यापीठांचे प्रशिक्षक. प्रवासाला पैसे नाहीत, चित्रफिती नाहीत, अशा काळात ओहायोतल्या प्रशिक्षकाला ब्रुकलिनमधला मुलगा कागदावर वाचायला मिळू लागला. ताऱ्यांची भाषाही गार्फिंकल यांच्याच घरची. पाच तारे म्हणजे कुठल्याही मोठ्या संघात खेळेल असा, आणि तिथून खाली. 1966 मध्ये त्यांनी विल क्लाइन यांच्यासोबत सुरू केलेल्या शिबिराचं नावच ‘फाइव्ह-स्टार’ होतं. तिथे सामन्यांइतकंच महत्त्व शिकवण्याला होतं. मुलं गटागटाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात आणि प्रत्येक ठिकाणी एकच कौशल्य घोटून घेतलं जाई. बॉबी नाइट, ह्युबी ब्राउन यांच्यासारखे प्रशिक्षक शिकवायला असत.

1980 च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या फाइव्ह-स्टार शिबिरात नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचा एक मुलगा आला. दोन वर्षांपूर्वी तो जेमतेम 5 फूट 10 इंचांचा होता. शाळेच्या मुख्य संघात तेव्हा त्याला न घेता त्याच्याच वर्गातल्या साडेसहा फुटांवरच्या मुलाला घेतलं होतं. मधल्या काळात त्याची उंची झपाट्याने वाढली. शिबिरात त्याने उडी मारल्यावर त्याला अडवणारं कुणी उरलं नाही. गार्फिंकल यांनी ताबडतोब एका नामांकित वार्षिकाला फोन केला की मायकल जॉर्डन हे नाव यादीत घाला. पण अंक छपाईला गेला होता. देशातल्या शेकडो उत्तम शाळकरी खेळाडूंची ती यादी जॉर्डनविना निघाली.

मायकल जॉर्डनला संघातून वगळलं होतं, ही गोष्ट प्रेरणा म्हणून इतकी सांगितली जाते की तिच्यातला कामाचा मुद्दा बाजूला पडतो. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाने त्या दिवशी वावगं काही केलं नव्हतं. समोर उभ्या असलेल्या दोन पंधरा वर्षांच्या मुलांत उंच मुलगा संघाला जास्त उपयोगाचा होता. पंधराव्या वर्षी कुणाची उंची थांबलेली असते, तर कुणाची अजून सुरूही झालेली नसते. अँथनी डेव्हिस शिकागोच्या शाळेत चेंडू हाताळणारा गार्ड होता. शाळा संपता संपता तो सुमारे आठ इंच वाढला, 2012 मध्ये केंटकीला विद्यापीठांचं अजिंक्यपद मिळवून दिलं आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला गेला. स्कॉटी पिपेन तर शाळा सुटल्यावर वाढला. म्हणून जाणते पारखी मुलाचे पाय, मनगटं आणि आईवडिलांची उंची पाहतात, आणि दोन्ही हात पसरल्यावर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत किती भरतं हे विचारतात.

गार्फिंकल यांचं पत्रक 1984 मध्ये टॉम कोंचाल्स्की यांच्याकडे आलं. या क्षेत्रातला हा माणूस मला सर्वांत जवळचा वाटतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारे, आधी गणिताचे शिक्षक. गाडी चालवत नसत, संगणक नव्हता, मोबाइल नव्हता. बस आणि रेल्वेने शाळाशाळांच्या व्यायामशाळा गाठायच्या, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर अगदी वरच्या ओळीत बसायचं, पिवळ्या कागदांच्या वहीत नोंदी करायच्या. घरी येऊन टंकयंत्रावर अहवाल टंकायचा आणि पाकिटात घालून टपालाने प्रशिक्षकांना पाठवायचा. एकेका मुलावर एक-दोन ओळी, पण तो कोणत्या पातळीच्या विद्यापीठात टिकेल हे नेमकं. त्यांच्या लेखी सगळ्यांत वरचे दहा कोण हा प्रश्न फारसा मोलाचा नव्हता. लहान विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळून शिक्षण पूर्ण होईल अशा मुलाला योग्य दार दाखवणं हेही तेवढंच मोठं काम होतं. चाळीसेक वर्षं हे काम करून 2021 मध्ये ते गेले. त्याच वर्षी गार्फिंकल यांचं नाव मरणोत्तर बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

दुसऱ्या बाजूला एक वेगळाच ग्राहक उभा राहत होता, बूट-कंपन्यांचा. पिट्सबर्गमध्ये 1965 पासून शाळकरी खेळाडूंचा मोठा प्रदर्शनी सामना भरवणारे सॉनी व्हॅकारो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नायकीत गेले. 1984 मध्ये कंपनीने जॉर्डनशी करार केला आणि त्याच वर्षी व्हॅकारो यांनी एबीसीडी नावाचं शिबिर सुरू केलं. निवडक मुलांना बोलवायचं, बूट-कपडे द्यायचे आणि एकमेकांविरुद्ध खेळवायचं. पुढे ते आदिदासकडे गेले, शिबिरही गेलं, आणि दोन कंपन्यांत सोळा वर्षांच्या पोरांवरून चढाओढ लागली. पारख्यांना सगळे उत्तम खेळाडू एका छपराखाली मिळू लागले, ही सोय खरीच. पण शिबिरातला खेळ वेगळा असतो. ओळख नसलेले पाच जण एकत्र, दोन-चार दिवसांचा संघ, आणि बाहेर बसलेल्या प्रत्येकाचं लक्ष आपल्याकडे वळावं ही धडपड. अचूक पास देणारा, बचावात योग्य जागी उभा राहणारा मुलगा अशा ठिकाणी दिसतच नाही.

याच शिबिरात 2001 च्या जुलैमध्ये, न्यू जर्सीतल्या टीनेकला, ब्रुकलिनचा लेनी कुक आणि ओहायोतल्या ॲक्रनचा लेब्रॉन जेम्स समोरासमोर आले. कुक तेव्हा देशातल्या अव्वल खेळाडूंत गणला जात होता. शेवटच्या क्षणी लेब्रॉनने धावता धावता तीन गुणांची फेक केली आणि सामना त्याच्या संघाने जिंकला. त्यानंतरची दोन वर्षं ठाऊकच आहेत: 2003 मध्ये लेब्रॉन ड्राफ्टमध्ये पहिला. कुकने 2002 च्या ड्राफ्टसाठी नाव दिलं, दोन्ही फेऱ्या संपल्या, कुणीच घेतलं नाही. एनबीएत तो कधीच खेळला नाही. त्या जुलैमध्ये कुक 19 वर्षांचा होता आणि लेब्रॉन 16 वर्षांचा, ही गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. वर्गातल्या मुलांपेक्षा वयाने मोठा मुलगा अंगापिंडाने भरलेला असतो, तो सगळ्यांना भारी पडतो आणि यादीत वर जातो. बाकीची मुलं वाढली की ते अंतर मिटतं. तोवर त्याच्याभोवती माणसं जमलेली असतात आणि त्याला खरं सांगणारं कुणी राहिलेलं नसतं. या सगळ्याचा दोष मी कुकवर टाकू शकत नाही.

शाळेतून थेट एनबीएत जायची वाट जुनी होती. 1974 मध्ये व्हर्जिनियाचा मोझेस मलोन शाळा संपवून एबीए या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला. पुढच्या वर्षी एनबीएनेही दोन शाळकरी मुलं घेतली. मग वीस वर्षं ती वाट जवळपास ओस होती. 1995 मध्ये मिनेसोटाने केविन गार्नेटला पाचवा घेतला, 1996 मध्ये कोबी ब्रायंट तेरावा गेला, आणि तिथून ओघ लागला. 2001 मध्ये तर पहिल्या आठ खेळाडूंतले चार थेट शाळेतून आलेले होते. पहिला क्वामे ब्राउन, आणि त्याला निवडणाऱ्या वॉशिंग्टन संघाचा कारभार होता खुद्द मायकल जॉर्डनकडे. ब्राउनचं नाव पुढे फसलेल्या निवडीचं उदाहरण म्हणून घेतलं गेलं. पण तो एनबीएत बारा हंगाम टिकला. लाखो शाळकरी मुलांतून एवढं कितीजणांना साधतं? खाजगी सरावात त्याची ताकद आणि पायांचा वेग दिसला, तो खोटा नव्हता. अठरा वर्षांचा मुलगा टीकेला आणि दडपणाला कसा तोंड देईल, हे मात्र बंद दाराआडच्या सरावात कुणालाच कळणार नव्हतं.

खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या 2005 च्या करारात एनबीएने किमान वय 19 आणि शाळा संपून एक वर्ष उलटलेलं, अशी अट घातली. कारण मुलांच्या हिताचं सांगितलं गेलं. संघांना पारखीसाठी आणखी एक वर्ष फुकटात मिळालं, हेही तितकंच खरं. तरी चुका संपल्या नाहीत. 2007 मध्ये पहिला गेलेल्या ग्रेग ओडनला गुडघ्यांनी साथ दिली नाही आणि त्याचे एनबीएतले सामने 105 वर थांबले. दुसरा गेलेला केविन ड्युरांट ड्राफ्टआधीच्या चाचणीत 185 पौंडांचं वजन एकदाही उचलू शकला नव्हता. 2009 मध्ये सातवा गेलेला स्टेफन करी माजी एनबीए खेळाडूचा मुलगा, तरी हाडकुळा आणि लहानखोर म्हणून मोठ्या विद्यापीठांनी त्याला शिष्यवृत्ती दिली नव्हती. डेव्हिडसनच्या बॉब मॅकिलप यांनी दिली.

तोवर तिसरा ग्राहक आला होता, तो म्हणजे चाहता. 1998 पासून निरनिराळ्या याद्यांची बेरीज करून एकत्रित क्रमवारी निघू लागली, आणि रायव्हल्ससारख्या संकेतस्थळांवर वर्गणी भरून लोक आपल्या आवडत्या विद्यापीठाने किती तारे ‘मिळवले’ ते मोजू लागले. प्रशिक्षकाला पातळी कळली की पुरते, चाहत्याला अठ्ठावीसावा की एकतिसावा हे हवं असतं. यादीच्या अगदी वरच्या टोकाला पारख्यांचा अंदाज बराच बरोबर येतो, हे त्यांच्या बाजूने म्हटलंच पाहिजे. खाली तीस-चाळीसच्या पुढे मात्र आकडा नुसता आकडा राहतो. मिशिगनचा एमोनी बेट्स 2019 मध्ये नववीनंतर स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या मुखपृष्ठावर झळकला. 2023 च्या ड्राफ्टमध्ये तो 49 वा होता.

आपल्याकडची आठवणही इथे येते. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीतून 2010 मध्ये फ्लोरिडाला गेला आणि 2015 मध्ये डॅलसने त्याला 52 वा निवडला. भारतात जन्मलेला तो ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. 7 फूट 2 इंच उंचीने दार उघडलं. एनबीएचा सामना मात्र त्याला खेळायला मिळाला नाही, कारण तोवर खेळच बदलला होता. रिंगखाली उभ्या राहणाऱ्या अवजड खेळाडूची जागा बाहेरून फेक करणाऱ्या आणि मैदानभर चपळाईने फिरणाऱ्या उंच खेळाडूने घेतली होती.

2017 मध्ये बूट-कंपन्यांचे पैसे मुलांच्या घरच्यांपर्यंत कसे पोचतात याची एफबीआयने चौकशी केली, अटका झाल्या. 2021 पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे कमावता येऊ लागलं, आणि विद्यापीठ बदलणंही सोपं झालं. त्यासोबत पारखीचं गणितच पालटलं. सतरा वर्षांच्या मुलाचा अंदाज बांधण्यापेक्षा लहान विद्यापीठात दोन-तीन हंगाम खेळून सिद्ध झालेला बावीस वर्षांचा खेळाडू घेणं प्रशिक्षकाला बिनधोक वाटतं. 2025 मध्ये दोन्ही गोष्टी विद्यापीठांच्या अजिंक्यपदाच्या एकाच स्पर्धेत दिसल्या. शाळेत अव्वल ठरलेला मेन राज्यातला कूपर फ्लॅग ड्यूकसाठी खेळला आणि जूनमध्ये ड्राफ्टमध्ये पहिलाही गेला; पण त्याचा संघ उपांत्य सामन्यात हरला. अजिंक्यपद मिळालं फ्लोरिडाला. त्यांचे गार्ड वॉल्टर क्लेटन, अलायजा मार्टिन आणि विल रिचर्ड अनुक्रमे आयोना, फ्लोरिडा अटलांटिक आणि बेलमाँट इथून आलेले होते. आता विद्यापीठ बदलणाऱ्या अशा खेळाडूंच्याही वेगळ्या क्रमवारी निघतात, ताऱ्यांसकट. आणि शाळेतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या, यादीत नाव नसलेल्या मुलासाठी शिष्यवृत्तीच्या जागा दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत चालल्या आहेत.