गणित-संगणक प्राध्यापकांची ख्रिस्ती संघटना मुंबईत नोंदवायची असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

कोणी माहीमला शिकवतं, कोणी वांद्र्याला, कोणी रोज वसईहून चर्चगेट लोकल पकडून येतं. विषय गणित, संख्याशास्त्र नाहीतर कॉम्प्युटर सायन्स. रविवारी चर्चमध्ये गाठ पडते, एप्रिलमध्ये पेपर तपासणीच्या टेबलावर पडते, आणि चहा पिताना कोणीतरी म्हणतंच, "आपली एक संघटना हवी होती." मग पुढचा प्रश्न येतो, नोंदणी कुठे आणि कशी? एका शिक्षक-मंडळाचे कागद मी स्वतः जमवलेले आहेत. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

पण त्याआधी विचारून घ्या, नोंदणी खरंच हवी आहे का? महिन्यातून एकदा एखाद्याच्या घरी बसून शोधनिबंध वाचायचा, प्रार्थना करायची, विद्यार्थ्यांच्या अडचणी बोलायच्या, एवढंच असेल तर कसलाही अर्ज लागत नाही. एकत्र जमायला आणि अभ्यास करायला कोणाची परवानगी नको. संघटनेच्या नावाने बँक खातं उघडायचं, वर्गणी आणि देणग्या घ्यायच्या, परिषद भरवायची, नियतकालिक काढायचं, असं ठरलं की मात्र नोंदणीवाचून गाडी पुढे जात नाही.

नमुना म्हणून अमेरिकेतली 'असोसिएशन ऑफ ख्रिश्चन्स इन द मॅथेमॅटिकल सायन्सेस' डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. १९७७ साली इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात तिथले गणिताचे प्राध्यापक रॉबर्ट ब्रॅबेनेक यांनी एक परिषद बोलावली, त्यातून ती उभी राहिली. साधारण दर दोन वर्षांनी परिषद, त्यात वाचलेल्या निबंधांचा संग्रह, स्वतःचं नियतकालिक, आणि जानेवारीत गणितज्ञांच्या मोठ्या संयुक्त संमेलनाच्या वेळी सदस्यांची भेट, असं तिचं काम चालतं. गणिताबरोबर संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकवणारेही तिच्यात आहेत. आपली श्रद्धा आणि आपला विषय यांचं नातं काय, हा तिथला मुख्य धागा. तिचं सदस्य होणं ही ज्याची-त्याची वैयक्तिक गोष्ट आहे. मुंबईत संस्था काढायची तर ती इथल्याच कायद्याने निघते.

एक संस्था, दोन नोंदण्या

महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी दोनदा होते, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. पहिली नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली. तिच्यामुळे संस्था जन्माला येते. दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली. धर्मादाय किंवा धार्मिक हेतूने काढलेली नोंदणीकृत संस्था या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक न्यासही (पब्लिक ट्रस्ट) असते, म्हणून ही नोंदणी लागते. संस्था झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत दुसरा अर्ज करायचा असतो. या दुसऱ्या नोंदणीचा नंबर 'एफ' अक्षराने सुरू होतो, आणि बँकवाले नेमका तोच मागतात.

संस्थेचा पत्ता मुंबईतला असेल तर दोन्ही कामं वरळीला, डॉ. ॲनी बेझंट मार्गावरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. वसई मुंबईच्या हद्दीत नाही, पालघर जिल्ह्यात आहे. निम्मे सदस्य वसईचे असतील तरी चालेल, मात्र नोंदणीकृत पत्ता कुठला द्यायचा हे पहिल्याच बैठकीत पक्कं करा. पुढची सगळी कागदपत्रं त्या पत्त्यामागे जातात.

कोण अर्ज करू शकतं

किमान सात सज्ञान व्यक्ती हव्यात. सगळे एकाच घरातले नसावेत, आणि सातवर न थांबता नऊ-दहा जण घ्या, म्हणजे एखाद्याची बदली झाली किंवा कोणी निवृत्त होऊन गोव्याला गेलं तरी कार्यकारी मंडळ मोडत नाही. प्राध्यापकच असावं अशी कायद्याची अट नाही. ती अट तुमच्या नियमावलीची. संशोधक विद्यार्थी, शाळेतले गणित-शिक्षक, सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारे यांना मतासह सदस्य करायचं की सहयोगी सदस्य म्हणून, हे तिथेच लिहा.

सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात नोकरी असेल तर पदाधिकारी होण्याआधी प्राचार्यांमार्फत लेखी कळवा आणि पोचपावतीची प्रत फाइलला लावा. शास्त्रीय आणि धर्मादाय संस्थेत विनामोबदला काम करायला सहसा कोणी अडवत नाही, पण न कळवता केलेलं काम पुढे चौकशीत निघालं की उगीच त्रास होतो.

उद्दिष्टांचा परिच्छेद

माझ्या मते सगळ्या अर्जाचा जीव इथे आहे. लोक घाईघाईत दुसऱ्या कुठल्या मंडळाची घटना घेतात, नाव बदलतात आणि सही करतात. मग उद्दिष्टांत अनाथाश्रम, गोशाळा, रुग्णवाहिका सगळं येतं आणि गणित कुठेच नसतं.

१८६० च्या कायद्यात कोणत्या हेतूच्या संस्था नोंदवता येतात ते सांगितलं आहे. धर्मादाय काम, विज्ञानाची वाढ, साहित्य, कला, उपयुक्त ज्ञानाचा प्रसार वगैरे. तुमच्या संघटनेला यातले विज्ञान, शिक्षण आणि ज्ञानप्रसार हे हेतू सरळ लागू पडतात, तेव्हा ते आधी लिहा. उदाहरणार्थ, "गणित, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र या विषयांचे अध्यापन व संशोधन यांस उत्तेजन देणे, त्यासाठी व्याख्याने, परिषदा व विद्यार्थी-शिबिरे भरविणे, निबंध व नियतकालिक प्रसिद्ध करणे, या विषयांचा ख्रिस्ती श्रद्धेशी व नीतिविचाराशी असलेला संबंध अभ्यासणे, आणि ही कामे जात, धर्म, लिंग असा भेद न करता सर्वांसाठी खुली ठेवणे."

शेवटचा तुकडा कृपा करून गाळू नका. सदस्यत्व ख्रिस्ती प्राध्यापकांपुरतं ठेवता येतं, पण व्याख्यान ऐकायला आणि शिबिरात गणित सोडवायला कोणीही येऊ शकतं, हे कागदावर असायला हवं. फक्त सदस्यांच्याच भल्याची संस्था असेल तर ती सार्वजनिक न्यास कशी, असा प्रश्न निघतो. आणि उद्दिष्टं सगळीच धार्मिक असली तर पुढे देणगीदारांसाठी आयकरातली '८०जी' म्हणून ओळखली जाणारी सवलत मागताना अडचण येते. श्रद्धा लपवायची गरज मुळीच नाही. आपण काय करणार तेवढंच खरं आणि नेमकं लिहावं.

नंतर बदलू म्हणाल, तर तेही ऐका. १८६० च्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उद्दिष्टं बदलायला प्रस्ताव दहा दिवस आधी सर्व सदस्यांकडे पोचवावा लागतो, खास सभेत तीन-पंचमांश मतं लागतात, आणि महिनाभराने दुसरी सभा घेऊन तितक्याच मतांनी तो पुन्हा पक्का करावा लागतो. परीक्षांच्या दिवसांत दोनदा एवढे प्राध्यापक एका खोलीत आणणं किती अवघड, हे कोणाही सचिवाला विचारा.

(विश्वास आणि गणित यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. दिल्ली कॉलेजातले मास्टर रामचंद्र यांनी १८५० साली महत्तम-लघुत्तम मूल्यांवर पुस्तक लिहिलं, १८५२ साली बाप्तिस्मा घेतला, आणि १८५९ साली ऑगस्टस डी मॉर्गन यांनी त्यांचं पुस्तक लंडनला पुन्हा छापवून घेतलं. संघटनेच्या पहिल्या व्याख्यानाला यापेक्षा चांगला विषय मला तरी सुचत नाही.)

नावाबद्दल थोडक्यात. आधी नोंदलेल्या संस्थेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव मिळत नाही, आणि सरकारी खातं वाटेल असं नाव तर नाहीच. पसंतीक्रमाने तीन नावं तयार ठेवा.

कागदपत्रं

पहिल्या नोंदणीसाठी विहित नमुन्यातला अर्ज, संस्थेचं ज्ञापन (मेमोरँडम), ज्यात नाव, उद्दिष्टं आणि कार्यकारी मंडळातल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, व्यवसाय, नियमावली, जिची प्रत कार्यकारी मंडळातल्या किमान तिघांनी खरी म्हणून साक्षांकित केलेली, संस्था स्थापण्याचा ठराव, सर्वांची संमतीपत्रं, एकाला कामकाजासाठी नेमल्याचं अधिकारपत्र, अध्यक्ष किंवा सचिवाचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना-हरकत पत्र, सोबत वीजबिल. कॉलेजचा किंवा चर्चचा पत्ता देणार असाल तर ना-हरकत पत्र त्या जागेच्या विश्वस्तांकडून येतं, आणि त्यांची बैठक महिन्यातून एकदाच होत असते. म्हणून हे पत्र सगळ्यात आधी मागा.

नियमावलीत सदस्यत्वाची पात्रता, वर्गणी, सभेची सूचना किती दिवस आधी, गणपूर्ती, निवडणूक, बँक खात्यावर कोणाच्या सह्या, हिशेब कोण ठेवणार आणि संस्था बंद झाली तर मालमत्तेचं काय, एवढं स्पष्ट हवं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं असं लिहा.

आता आपल्या लोकांना हमखास नडणारी गोष्ट. आडनावं. आधारवर 'रॉड्रिग्ज', पॅनवर इंग्रजीतून 'रॉड्रिग्स', कॉलेजच्या ओळखपत्रावर 'रोड्रिक्स', आणि मराठी अर्जात चौथंच काहीतरी. वडिलांचं नाव एकीकडे मधलं नाव म्हणून येतं, दुसरीकडे बाप्तिस्म्याचं नाव. आम्ही सह्यांच्या दिवशी दहा माणसांचे कागद टेबलावर पसरले तेव्हा चौघांची नावं जुळत नव्हती. अर्ज टाइप करण्याआधी प्रत्येकाचं आधार आणि पॅन शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघा. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. ज्ञापनावर, संमतीपत्रावर आणि ठरावावर सही एकसारखी असू द्या.

दुसऱ्या नोंदणीचा अर्ज अनुसूची २ मध्ये असतो. त्याला पहिलं प्रमाणपत्र, ज्ञापन-नियमावली, विश्वस्तांची माहिती, संमती, मालमत्तेचा तपशील (सुरुवातीला बँकेतली किंवा हातातली रक्कम एवढाच) आणि जागेचे कागद लागतात. अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर भरून छापील प्रती सादर करायच्या. त्यानंतर उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त १९५० च्या कायद्याच्या कलम १९ खाली चौकशी करतात. चौकशी या शब्दाने दचकू नका. न्यास खरोखर आहे का, तो सार्वजनिक आहे का, विश्वस्त कोण, मालमत्ता किती, हे नोंदवून घेण्याची ती रीत आहे. तारखेला ज्याला नोंदणीबद्दल सगळं माहीत आहे अशा माणसाने मूळ कागद घेऊन जावं.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

संस्थेच्या नावाने पॅन काढा, मग बँक खातं, मग आयकर खात्याकडची नोंदणी. धर्मादाय नोंदणी झाली म्हणजे कर माफ झाला असं होत नाही, आणि अल्पसंख्याक दर्जाशीही हिचा काही संबंध नाही. त्या वाटा वेगळ्या.

दरवर्षी हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून सादर करायचे. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी संस्था निबंधकांकडे (रजिस्ट्रारकडे) द्यायची. आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका मंडळात खजिनदार तीनदा बदलले, चेंज रिपोर्ट एकदाही गेला नाही. बँकेत सह्या पहिल्या खजिनदारांच्याच राहिल्या, आणि ते वारल्यावर शिबिराच्या मुलांच्या जेवणाचे पैसे सदस्यांनी खिशातून भरले. मुलांना त्या दिवशी डाळ-भात वाढताना सचिवांचा चेहरा मला अजून आठवतो. जागा विकायची असेल तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हेही लक्षात असू द्या.

परदेशातून मदत

तुम्ही स्वतःच्या खिशातून परदेशी संघटनेची वर्गणी भरणं वेगळं, आणि तिकडून इथल्या संस्थेच्या खात्यात पैसे येणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला परकीय योगदान (नियमन) अधिनियम, २०१० लागतो. नियमित नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावेत. त्याआधी ठराविक देणगीदाराकडून ठराविक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते. परकीय योगदान स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावं लागतं. परवानगी नसताना कोणी प्रेमाने शंभर डॉलर पाठवतो म्हणाला तरी नम्रपणे नको म्हणा.

सरकारी सेवेतल्या सदस्याला परदेशातल्या परिषदेचं आमंत्रण आलं आणि प्रवासाचा, राहण्याचा खर्च तिकडचे करणार असले, तर त्याच कायद्याच्या कलम ६ खाली ते परकीय आदरातिथ्य ठरतं. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी तिकीट काढण्याआधी घ्यायची, आणि अर्जासोबत आमंत्रणपत्र व आपल्या कार्यालयाची संमती जोडायची.