पाकटाचे जीवाश्म दात : ओळख

पाकट म्हणजे शार्कचा चपट्या अंगाचा भाऊबंद. सांगाडा कूर्चेचा, म्हणून मेल्यावर तो सहसा टिकत नाही. दात मात्र कॅल्शियम फॉस्फेटचे असतात, आणि आयुष्यभर जुने गळून नवे येत राहतात. त्यामुळे प्राचीन सागरी थरांत पाकट सापडतो तो बहुधा सुट्या दातांच्या रूपात.

सोलापूर जिल्ह्याखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसाल्ट आहे. सागरी गाळाचे खडक इथे नाहीत. उजनी धरणाच्या काठावर मिळालेला चपटा, झिजलेला दात बहुधा आजच्या सायप्रिनस (कार्प) माशाच्या घशातला असतो. इथे अभ्यासायचे नमुने गुजरातमधले कच्छ, तमिळनाडूतले अरियालूर किंवा ओडिशातले बारिपदा अशा सागरी थरांच्या ठिकाणचेच हवेत. पिशवीवर गाव, थर आणि तारीख नसेल तर चांगला दातही निम्मा वाया जातो. दख्खन ट्रॅपशी (वर सांगितलेल्या लाव्ह्याच्या थरांशी) निगडित गाळाच्या थरांतून १९९३ मध्ये ‘इग्डाबॅटिस इंडिकस’ ही पाकटाची जात वर्णिली गेली आणि ती त्या थरांचे वय ठरवायला उपयोगी पडली. दात नेमका कोणत्या थरातला हे ठाऊक होते, म्हणूनच ते जमले.

मातकट खडकाची ढेकळे आधी पूर्ण वाळवावीत. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर हे काम सहज होते. अर्धवट ओले ढेकूळ पाण्यात फुटत नाही, चिकट गोळा होऊन बसते. वाळलेली ढेकळे पाण्यात विरघळू द्यावीत आणि २, १ व ०.५ मिमीच्या चाळण्यांतून हलक्या धारेखाली धुवावीत. फक्त मोठ्या भोकांची चाळणी वापरली तर लहान पाकटांचे १-२ मिमीचे दात वाहून जातात. धुतलेले दात मात्र सावलीतच वाळवावेत; उन्हात मूळ तडकते. चुनखडकासाठी ५ ते १० टक्के ॲसेटिक ॲसिड घ्यावे. हायड्रोक्लोरिक ॲसिड दातही खाऊन टाकते. ॲसिडनंतर धुण्यात कसूर झाली तर भेगांत क्षार स्फटिकून दात भुगा होतो.

ओळखीसाठी दात उलटा करावा. वरचा भाग झिजतो, मूळ सहसा खोटे बोलत नाही. गरुड-पाकटाच्या कुळात मुळाला कंगव्यासारखे अनेक समांतर चर असतात. काटेरी शेपटीच्या डॅसियाटिस गटात एकच चर मुळाचे दोन भाग करतो. गरुड-पाकटांपैकी मायलिओबॅटिसचा मधला दात लांबट षटकोनी आणि खूप रुंद, त्याच्या दोन्ही बाजूंना लहान दातांच्या तीन-तीन रांगा. रायनॉप्टेरात रुंदी मधून कडेकडे हळूहळू घटते. एटोबॅटसमध्ये एकच रांग. त्याच्या खालच्या जबड्यातले दात बाणाच्या टोकासारखे वाकलेले, वरचे जवळजवळ सरळ. कडेचा सुटा दात एकट्याने पाहून जात ठरवू नये, फार तर कुळ लिहावे.

पिक्नोडाँट या नामशेष माशांचे वाटाण्यासारखे दात सर्वांत जास्त फसवतात. त्यांना चरांचे मूळ नसते. रंगावर विसंबू नये, तो गाळातल्या खनिजांचा असतो. डॅसियाटिस गटात नराचे दात टोकदार आणि मादीचे बोथट असू शकतात. एकाच थरात दोन्ही मिळाले की दोन जाती मांडण्याआधी मुळे आणि मापे शेजारी ठेवून तपासावीत.