पेटीवरचं नाव आणि पडद्यावरचा धडा

देवगड किंवा रत्नागिरीच्या बागेतून निघालेला हापूस मुंबईतल्या घरात पोचेपर्यंत निदान पाच-सहा हातांतून जातो. झाडावर चढणारा गडी, प्रतवारी करणाऱ्या बायका, अढी लावणारा, पेटी भरणारा, टेम्पोवाला आणि आता हंगामापुरत्या व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेणारा घरातला मुलगा किंवा सून. पेटीवर नाव मात्र एकच असतं. यांतल्या एकाने कोवळं फळ उतरवलं, देठ मोडला किंवा गिऱ्हाइकाला भलतंच सांगितलं, तर पत जाते ती त्या नावाची. नाव सांभाळणाऱ्या प्रत्येकाला काय करायचं, काय बोलायचं आणि काय टाळायचं हे सारखंच कळलेलं असणं, याला ब्रँड-प्रशिक्षण म्हणायचं. हे धडे आता मोबाइलवर देता येतात आणि ते बनवायला तयार टेम्प्लेट मिळतात: शीर्षक, उद्दिष्टं, चार-पाच मुद्दे, एखादा व्हिडिओ, शेवटी प्रश्नमंजूषा. हा सांगाडा कुठून आला आणि कोकणात तो कुठे तोकडा पडतो, ते पाहू.

बागेतलं ज्ञान कोकणात कायम बघून-करून पुढे गेलं. फळ 'चौदा आणे' (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालं की उतरवायचं, हे खांद्याचा भराव आणि सालीचा रंग पाहून ओळखायला शिकावं लागतं. १९७२ साली दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि असं बरंचसं अनुभवाचं ज्ञान शिफारशींच्या रूपात कागदावर आलं. देठासकट आंबा काढणारं 'नूतन झेला' हे अवजार याच विद्यापीठाचं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि फळ तिथून खराब व्हायला लागतं. झेल्याने हे टळतं. पण झेला हातात देणं आणि तो कसा धरायचा हे शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मेळावे, प्रात्यक्षिकं, घडीपत्रिका यांतून विद्यापीठाने दुसरं कामही केलं. पण मेळाव्याला येतो तो बागायतदार, आणि झाडावर चढतो तो दुसराच माणूस.

नेमका हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जहाजबांधणीत उभा राहिला होता. पहिल्या महायुद्धात गोद्यांमध्ये हजारो नवखे कामगार एकदम भरती झाले आणि त्यांना शिकवायला पुरेसे कसबी लोक नव्हते. चार्ल्स अ‍ॅलन या व्यवसाय-शिक्षण तज्ज्ञाने तेव्हा शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत बसवली: शिकणाऱ्याची तयारी, सादरीकरण, स्वतः करून पाहणं आणि तपासणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५, अमेरिकी सरकारच्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या उपक्रमाने तीच रीत खिशात मावेल एवढ्या कार्डावर छापून मुकादमांच्या हाती दिली. कार्डाच्या एका बाजूला शिकवण्याआधीची तयारी, दुसऱ्या बाजूला चार पायऱ्या. त्यावरचं एक वाक्य मला आजही प्रत्येक धड्याच्या माथ्यावर असावंसं वाटतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

या उपक्रमातली आणखी एक गोष्ट आजच्या टेम्प्लेटांमध्ये बहुधा हरवलेली दिसते. शिकवण्याआधी मुकादमाने कामाची फोड करायची असे: एका रकान्यात मुख्य पायऱ्या, शेजारच्या रकान्यात त्या पायरीतलं मर्म. मर्म म्हणजे ज्यावर काम बनतं किंवा बिघडतं, इजा होते किंवा टळते, किंवा काम सोपं होतं अशी बाब. 'आंबा उतरवा' ही पायरी झाली. 'देठ ठेवून, उन्हं चढण्याआधी, जमिनीवर न टाकता' हे मर्म. आज पडद्यावरच्या मुद्द्यांच्या चौकटीत बहुतेक वेळा पायरीच भरलेली दिसते. मर्माला वेगळा रकाना नसल्याने ते जाणत्याच्या डोक्यातच राहतं.

ब्रँड म्हणून शिकवण्याची सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. १९०७ मध्ये जर्मनीच्या एईजी या विजेच्या उपकरणांच्या कंपनीने पीटर बेहरेन्स या कलाकाराला सल्लागार नेमलं आणि त्याने कंपनीच्या चिन्हापासून जाहिरातींपर्यंत, किटल्यांपासून कारखान्याच्या इमारतीपर्यंत सगळ्याला एक रूप दिलं. नासाने १९७० च्या दशकाच्या मध्यावर अक्षरं, रंग, मोजमाप ठरवणारी नियमपुस्तिका काढली. ती आजही डिझाइन शिकणारे अभ्यासतात. अशा पुस्तिका चित्रकाराला आणि छापखान्याला उद्देशून असत. चिन्ह कसं दिसावं हे त्यांत असे. दारात आलेल्या माणसाशी कसं वागावं हे नसे. वागण्याची बाजू मॅकडोनाल्ड्सने हाती घेतली. १९६१ मध्ये इलिनॉयमधल्या एल्क ग्रोव्ह व्हिलेज इथल्या एका उपाहारगृहाच्या तळघरात त्यांनी चक्क एक शाळा काढली, 'हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी' या नावाने. कुठल्याही शाखेत तोच पदार्थ आणि तीच सेवा मिळावी, एवढाच तिचा अभ्यासक्रम.

त्याच्या दोन वर्षं आधी, १५ मार्च १९५९ ला, गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. त्या लिज्जतच्या कामाची घडी मला जास्त शिकवणारी वाटते. पापडाचं पीठ केंद्रावर मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि पापड केंद्रावर आणून देतात, तिथे तपासणी होते. म्हणजे चव एका जागी बांधलेली, कसब हजारो घरांत पसरलेलं आणि मध्ये तपासणीचा एक पक्का टप्पा. कोकणात बचत गटांच्या आंबावडी, फणसपोळी, कोकम आगळ यांत कच्च्या मालापासून पाकापर्यंत सगळंच घरोघरी होतं. त्यामुळे तिथे शिकवण्यावर पडणारा भार कितीतरी जास्त आहे.

आता यंत्राकडे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५४ मध्ये 'शिकवणारं यंत्र' मांडलं: मजकुराचे छोटे तुकडे, प्रत्येक तुकड्यानंतर प्रश्न, उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळणार. आजच्या धड्याच्या शेवटी येणारी प्रश्नमंजूषा या विचाराच्या वंशातली. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात संगणकावर शिकवणारी 'प्लेटो' ही प्रणाली सुरू झाली. पण सामान्य कचेरीत टेम्प्लेट पोचलं ते १९८७ साली आलेल्या पॉवरपॉइंटमुळे. ते फोरथॉट या छोट्या कंपनीने मॅकिंटॉशसाठी काढलं होतं आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे १९९० च्या दशकात त्यात 'ऑटोकंटेंट विझार्ड' आलं. विषय निवडला की नमुन्याचा मजकूर भरलेले पडदेच तयार. लोक त्यातला मजकूर जेमतेम बदलून वापरत. २००७ च्या आवृत्तीत ते काढून टाकलं गेलं. टेम्प्लेटने रचना द्यावी, विचार देऊ नये, ही सीमा तेव्हापासून वारंवार ओलांडली गेली आहे.

दुसरी अडचण तांत्रिक होती. एका प्रणालीवर बनवलेला धडा दुसरीवर चालत नसे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने जानेवारी २००० मध्ये 'स्कॉर्म' हे मानक आलं, पुढच्याच वर्षी त्याची १.२ आवृत्ती आली आणि ती इतकी रुजली की अनेक ठिकाणी आजही चालते. धडा एका गठ्ठ्यात बांधायचा, आत काय आहे याची यादी जोडायची, आणि कोणी तो पूर्ण केला, किती गुण मिळाले हे धड्याने मुख्य प्रणालीला कळवायचं, एवढी साधी त्याची कल्पना. मोठ्या कंपनीला हा हिशेब हवाच असतो. पंधरा बायकांच्या गटाला तो एका वहीत ठेवता येतो, म्हणून विक्रेत्याने 'स्कॉर्म आहे' म्हटल्यावर जास्त पैसे मोजण्याआधी आपल्याला ते लागणार आहे का, हे विचारावं.

महाराष्ट्रात पडद्यावरून शिकण्याची सवय लावली ती २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळच्या केंद्रात, मराठीतून संगणक शिकलेली एक अख्खी पिढी कोकणात आहे. आज गटांचे हिशेब आणि घरगुती निवासांची आरक्षणं सांभाळणाऱ्यांत याच पिढीतली माणसं भेटतात. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि धडा केंद्रातून खिशात आला. २०२० च्या टाळेबंदीत तर अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पोचवल्या. दलालाशी बोलण्याची सवय असलेल्या घरांना पहिल्यांदाच थेट खाणाऱ्याशी बोलावं लागलं. पेटी उघडल्यावर फळ कच्चं दिसतं, मग खायचं कधी? कापल्यावर आत पांढरट, पोकळ गाठ निघाली, म्हणजे फसवलं का? हा साका; फळाच्या बाहेरून तो कळत नाही आणि प्रामाणिक बागायतदाराच्या पेटीतही निघू शकतो. अशा फोनला काय उत्तर द्यायचं, फळ बदलून द्यायचं की पैसे परत करायचे, हे घरातल्या सगळ्यांचं एकमताने ठरलेलं असलं पाहिजे. माझ्या मते आंब्याच्या ब्रँड-प्रशिक्षणातला पहिला धडा हाच असावा, रंगांचा आणि चिन्हाचा त्यानंतर.

मराठी धड्याला एक जास्तीची झुंज द्यावी लागली. युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच उमटावीत म्हणून ठरलेलं मानक) रुळण्याआधी मजकूर सुरेख किंवा श्री-लिपीसारख्या फाँटांत टंकलेला असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हं दिसत. तो त्रास गेला, पण परदेशी टेम्प्लेटच्या चौकटी रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या असतात. ओळींमधलं अंतर कमी पडतं आणि शिरोरेघेवरची वेलांटी, रफार किंवा खालचा उकार छाटला जातो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत मिळतात. त्यांत मजकूर बसवून, ओळींतलं अंतर वाढवून, मगच टेम्प्लेट पक्कं करावं.

सगळ्यात मोठा फरक मात्र नावाच्या मालकीचा आहे. कंपनीचा ब्रँड कंपनीचा असतो. हापूसचं तसं नाही. भौगोलिक उपदर्शनाचा (जीआय मानांकन, म्हणजे प्रदेशाचं नाव त्या प्रदेशातल्या मालालाच लावता येणं) कायदा १९९९ चा, तो लागू झाला सप्टेंबर २००३ मध्ये. त्याखाली ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसची नोंद झाली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम आणि वेंगुर्ल्याचा काजू यांनाही असं मानांकन आहे. हे नाव हजारो बागायतदारांचं सामाईक आहे, आणि मानांकनाचा अधिकृत लाभ घ्यायचा तर उत्पादकाने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. बाजारात मिळणाऱ्या टेम्प्लेटमध्ये 'आमची गोष्ट', 'आमची मूल्यं', 'आमचं चिन्ह' अशी पानं असतात. 'हे नाव कोणाला, कोणत्या मालावर लावता येतं' हे पान नसतं, कारण एकट्या कंपनीला त्याची गरज पडत नाही. कोकणात त्या पानाशिवाय धडा अपुरा आहे. त्यावर मानांकनाच्या चिन्हाशेजारी स्वतःच्या बागेचं चिन्ह कुठे येईल, बाहेरचं फळ भरतीला घेतलं तर पेटीवर काय लिहायचं आणि काय मुळीच लिहायचं नाही, हे स्पष्ट असावं. अन्नसुरक्षेचं पानही इथेच जोडावं: कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर बंदी आहे आणि पदार्थाच्या लेबलवर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक लागतो.

असे नियम बदलत राहतात. २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळागणिक वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर आणलं. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवरून ते पडताळून पाहता येतं. पेटी भरण्याच्या कामात त्यामुळे एक पायरी वाढली, म्हणजे धड्यातही वाढली. इथे टेम्प्लेटचा खरा उपयोग आहे. मूळ साचा एका ठिकाणी, प्रत्येक धड्यावर आवृत्तीची तारीख, आणि जुना व्हिडिओ गटातून काढून टाकण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसावर. नाहीतर मोबाइलमोबाइलवर वेगवेगळ्या वर्षांचे नियम फिरत राहतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बागांत राखणीपासून उतरवणीपर्यंत आज बरेचसे हात नेपाळी कामगारांचे आहेत. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे मुक्तात बसवलेली चौकट त्यांच्यासाठीही तशीच चालते. मजकूर आणि आवाज तेवढा वेगळा भरायचा. उतरवणीचा धडा आधी त्यांच्यासाठी व्हावा: फोटो जास्त, शब्द कमी, प्रत्येक पायरीशेजारी मर्माचा रकाना, आणि शेवटी प्रश्नांऐवजी बागेतच, मुकादमासमोर झेल्याने दहा फळं उतरवून दाखवणं. मोहर धरल्यापासून पहिली तोडणी येईपर्यंत त्याला पुरेसा वेळ मिळतो.